किल्ल्यांचा जुडगा कुणाच्या कमरेला?

वाचक विचारतात

मागच्या अंकात स्वीडनच्या संत बिर्गिट्टा (१३०३–१३७३) यांच्यावर एक छोटं टिपण आलं होतं. उपलांड प्रांतातल्या बड्या घराण्यात जन्म, तेराव्या वर्षी लग्न, आठ मुलं, नवरा गेल्यावर रोमला प्रस्थान आणि वाडस्तेनाचा मठ, एवढाच त्याचा आवाका होता. त्यावर आलेल्या पत्रांत साध्वीपेक्षा गृहिणीबद्दलच जास्त विचारलं आहे. तिच्या नावावर काय होतं, ती खायची काय, घालायची काय, नवरा गेल्यावर तिचं व्हायचं काय. म्हणून या वेळचं सगळं सदर साधारण १३०० ते १५२० या काळातल्या स्वीडिश उमराव घराण्यांतल्या बायकांना दिलं आहे.

प्रश्न : ‘निल्सडॉटर’ हे आडनाव समजायचं का? मग त्याच्यापुढचं ‘युलेनशेर्ना’ काय? — एक वाचक, नागपूर

निल्सडॉटर म्हणजे निल्सची मुलगी. ते बापाचं नाव, आडनाव नव्हे. लग्नानंतर ते बदलत नसे. बिर्गिट्टा ही बिर्गेर्सडॉटर म्हणून जन्मली, उल्फ गुडमार्सनशी लग्न झालं तरी बिर्गेर्सडॉटरच राहिली.

घराण्याची ओळख पटायची ती ढालीवरच्या चिन्हावरून. युलेनशेर्ना म्हणजे सोनेरी तारा, ग्रीप म्हणजे गरुडमुखी सिंह, त्रे रूसोर म्हणजे तीन गुलाब. सगळ्यांत देखणं नाव ‘नात्त ओक दाग’, म्हणजे रात्र आणि दिवस. ढाल आडवी दुभागलेली, वरचा भाग सोनेरी, खालचा निळा. त्या काळातल्या कागदपत्रांत यांतली बरीचशी नावं दिसतच नाहीत. एकाच गावात चार क्रिस्टिना निल्सडॉटर निघाल्या की ओळखायच्या कशा, म्हणून अभ्यासकांनी ती मागाहून जोडली आहेत.

नावाआधीच्या उपाधीकडे मात्र नीट बघा. ‘फ्रू’ म्हणजे शूरवीराची दीक्षा मिळालेल्या सरदाराची बायको, ‘युंगफ्रू’ म्हणजे घराण्यातली अविवाहित मुलगी आणि ‘हुस्त्रू’ ही खालच्या पायरीवरच्या सरदाराची किंवा साध्या माणसाची बायको. एखादी बाई एका दस्तात हुस्त्रू आणि काही वर्षांनी फ्रू दिसली, तर मधल्या काळात नवऱ्याला दीक्षा मिळाली असं अनुमान काढता येतं. नवऱ्याची बढती बायकोच्या नावावरून कळावी, हे गमतीचंच.

प्रश्न : स्त्रीधनासारखं काही तिथे होतं का? मुलींना वडिलांच्या जमिनीत वाटा मिळायचा का? — कायद्याची एक विद्यार्थिनी, पुणे

मिळायचा. भावाच्या निम्मा. त्याआधीची रीत ‘टोपी आत, पदर बाहेर’ अशा अर्थाच्या म्हणीत सांगितली जाई, म्हणजे वारसा पुरुषाकडे आणि बाई मोकळ्या हातांनी. १३व्या शतकाच्या मध्यात बिर्गेर यार्ल या सत्ताधीशाच्या काळात बहिणीला भावाच्या निम्मा वाटा ठरला आणि १३५०च्या सुमाराच्या राजा माग्नुस एरिकसनच्या देशव्यापी कायद्यात तो कायम राहिला. शहरांचा कायदा वेगळा होता. तिथे भाऊबहिणींना समान वाटा मिळे. पण उमरावांच्या जमिनी खेड्यापाड्यांत, म्हणून त्यांच्या मुलींना लागू व्हायचा तो निम्म्याचाच नियम.

हिशेब असा. बापामागे कुळांना लावलेल्या १२ शेतवाड्या आहेत, दोन मुलगे आणि दोन मुली. मुलाचे दोन भाग, मुलीचा एक, म्हणजे एकूण सहा भाग. प्रत्येक मुलाला चार वाड्या, प्रत्येक मुलीला दोन. लग्नात मुलीबरोबर जे दिलं असेल ते या वाट्यातलीच उचल समजायची आणि वाटणीच्या वेळी तेवढं वजा करायचं. हुंड्याशी याची गल्लत करू नका. हुंडा सासरी जातो आणि त्याचा हिशेब तिथेच बुडतो. इथे ती रक्कम मुलीच्याच खात्यावर मांडलेली असे.

नवऱ्याकडून येणारी गोष्ट वेगळी, तिला ‘सकाळची भेट’ म्हणत. लग्नाच्या रात्रीनंतर, दुसऱ्या दिवशी सकाळी साक्षीदारांसमोर नवरा ती जाहीर करी. जमीन, चांदी, घोडे, जे असेल ते. तिच्यावर कायद्याने हुद्द्याप्रमाणे मर्यादा घातली होती, नाहीतर नव्या नवरीच्या कौतुकात नवऱ्याच्या भाऊबंदांचा वारसा उधळला गेला असता. या भेटीचा हेतू वैधव्यातला आधार हा होता. स्त्रीधनाच्या जवळ जाणारी चीज हीच.

१२९६च्या उपलांडच्या कायद्यात मुलगी देताना म्हणायचं एक वाक्य आहे. त्याचा आशय असा : मी तुला माझी मुलगी देतो, मानासाठी, पत्नी म्हणून, अर्ध्या शेजेसाठी, कुलपासाठी आणि किल्ल्यांसाठी आणि तुझ्या चीजवस्तूंतल्या तिसऱ्या हिश्श्यासाठी. हा कायदा ज्या मंडळाने बांधून काढला त्याचा म्होरक्या बिर्गेर पेर्सन, म्हणजे आपल्या बिर्गिट्टाचा बाप. मुलीच्या लग्नात त्याला ते वाक्य पाठ करावं लागलं नसणार.

आता नवरा गेल्यावर काय? घरातल्या मालमत्तेचे ढीग वेगळे करायचे.

माहेरहून वारशाने आलेली जमीन पूर्ण तिची. नवऱ्याला ती तिच्या आणि तिच्या नातलगांच्या संमतीशिवाय विकता येत नसे. दुसरा ढीग सकाळच्या भेटीचा. तिसऱ्यात संसारातल्या चीजवस्तू आणि लग्नानंतर विकत घेतलेली जमीन, त्यातला एक तृतीयांश तिचा, दोन तृतीयांश नवऱ्याच्या वारसांचा. नवऱ्याची वडिलोपार्जित जमीन हा चौथा ढीग. तिला ती हात लावू शकत नाही, ती मुलांकडे किंवा त्याच्या भाऊबंदांकडे जाते.

घोळ व्हायचा तो पहिल्या आणि तिसऱ्या ढिगाच्या सीमेवर. तिची माहेरची वाडी लांब पडते म्हणून विकली आणि त्या पैशातून जवळची घेतली, तर ती नवी वाडी वारशाची की खरेदीची? बदल्यात काय गेलं आणि काय आलं हे दस्तात लिहिलेलं असेल तर प्रश्न नाही. लिहिलं नसेल, तर एक पूर्ण वाडी तिच्या एक तृतीयांशावर येते. म्हणून या काळातले खरेदीचे दस्त वाचताना ‘माझ्या पत्नीच्या अमुक जमिनीच्या मोबदल्यात’ अशी ओळ आहे का ते आधी शोधावं.

दुसरी अडचण बाळंतपणातली. आई आधी गेली आणि बाळ तिच्यामागे घटकाभर का होईना जगलं, तर बाळ आईचं वारस होतं आणि बाळ गेल्यावर बाप बाळाचा. म्हणजे या दोन मृत्यूंनी तिची सगळी माहेरची जमीन नवऱ्याकडे वळते. बाळाला बाप्तिस्मा मिळाला होता का, यावर वारसा ठरे. त्यामुळे सुईणीने घाईत दिलेला बाप्तिस्मा जितका आत्म्याचा तितकाच जमिनीचा प्रश्न होता. त्या काळचा सगळ्यांत मोठा जमीनदार बू योन्सन (मृत्यू १३८६) याच्याबद्दल अशी गोष्ट सांगतात की, पहिली बायको दिवस भरण्याआधी वारली तेव्हा त्याने तिचं पोट फाडून मूल काढवलं आणि ते जिवंत होतं अशी शपथ घेतली. गोष्ट खरी असो वा रचलेली, तिचा अर्थ वरचा नियम ठाऊक असल्याशिवाय लागत नाही.

प्रश्न : एवढी इस्टेट, नोकरचाकर. मग मालकीण दिवसभर करायची काय? भरतकाम? — एक वाचक, सातारा

भरतकामही करायची, पण संध्याकाळी. तिचं खरं काम कोठीघराचं. लग्नाच्या वाक्यातल्या किल्ल्या अलंकारिक नव्हत्या. धान्य, मीठ, लोणी, मेणबत्त्या, लोकर, कापड, मसाले यांच्या कोठ्या आणि पेट्या कुलपात असत आणि जुडगा तिच्या पट्ट्याला. नवरा राजाच्या परिषदेत, लढाईत किंवा दूरच्या किल्ल्यावर. अशा वेळी कारभारी तिला हिशेब द्यायचा.

उत्पन्न बहुतेक वस्तूंत येई. कुळं खंड भरत ती धान्यात, लोण्यात, कातड्यांत, माशांत, क्वचित नाण्यांत. शेतवाड्या एका पट्ट्यात नसून निरनिराळ्या तालुक्यांत विखुरलेल्या, कारण दर पिढीला वाटण्या आणि दर लग्नात नवी भर. म्हणजे मालकिणीला आधी ठरवायला लागे की कुठल्या वाडीचं धान्य वाड्यावर आणायचं, कुठलं जवळच्या शहरात विकायचं आणि कुठलं तिथेच ठेवायचं. हिवाळ्यात बर्फावरून घसरगाडीने ओझं हलकं जातं. पावसाळी शरदात तेच चिखलात रुतून बसतं. लांबच्या वाहतुकीला थंडीची वाट बघणं हा आळस नव्हता.

नोव्हेंबर हा कापणीचा महिना, गुरांच्या. गवताचा साठा मोजायचा, तेवढ्यावर वसंतापर्यंत किती गुरं तगतील ते ठरवायचं आणि उरलेली मारून खारवायची. स्वीडनमध्ये थंडी असली तरी मीठ स्वतःचं नाही. चांगलं मीठ जर्मनीतल्या ल्यूनेबुर्गहून ल्यूबेक बंदरामार्गे येई, म्हणून ते मोजून वापरायचं. कमी घातलं तर मांस हाडाजवळ आधी सडतं, बाहेरून ठीक दिसतं आणि फेब्रुवारीत पिंप फोडल्यावर दुर्गंधी सुटते. यासाठी जाड तुकड्यांतली हाडं काढायची, तुकडे गच्च रचायचे, वर लाकडी झाकण आणि त्यावर दगड. खारं पाणी नेहमी मांसाच्या वर राहिलं पाहिजे. लोणच्याच्या फोडी तेलाखाली राहाव्यात म्हणून आपल्याकडच्या आज्या करायच्या तीच काळजी. त्याच आठवड्यात निघालेल्या चरबीच्या मेणबत्त्या ओतायच्या, कारण डिसेंबरात स्टॉकहोमच्या आसपास दिवस जेमतेम सहा तासांचा. मधमाश्यांचं मेण महाग, ते चर्चसाठी आणि पाहुण्यांसाठी.

बिअर हे चैनीचं पेय नसून जेवणाचा भाग. बार्ली दोनतीन दिवस भिजवायची, पसरून आठवडाभर मोड आणायचे, वाळवायची, भरडायची. गरम पाण्यातला पहिला उतारा मालकाच्या टेबलाला, त्याच भरड्यावर पुन्हा पाणी घालून काढलेला पातळ उतारा नोकरांना. टिकावी म्हणून हॉप्सची कडू फुलं. १४४२च्या कायद्याने प्रत्येक शेतकऱ्याला हॉप्सच्या वेलासाठी ४० काठ्या लावणं बंधनकारक केलं, यावरून तिची निकड कळते. उन्हाळ्यात काढलेली बिअर आंबून जाई, म्हणून मोठी भट्टी थंडीच्या दोन्ही टोकांना लावत.

आणि जवस. तेलासाठी नव्हे, धाग्यासाठी. उपटून, बोंडं झाडून, पाण्यात किंवा दवात कुजत घालायचा. विदर्भ-मराठवाड्यात अंबाडी कुजवलेली ज्यांनी पाहिली असेल त्यांना वेगळं सांगायला नको. दोन दिवस कमी पडले तर साल काष्ठापासून सुटत नाही. दोन दिवस जास्त झाले तर धागाच सडतो. रोज एक काडी मोडून बघायची. मग कुटणं, झोडणं, लोखंडी दातांच्या फणीतून ओढणं. फणीत राहतो तो भरड भाग पोत्यांना, हातात राहतो तो लांब भाग मालकिणीच्या डोक्यावरच्या रुमालांना.

प्रश्न : तिकडे उपवासाला काय चालायचं? — एक वाचक, कोल्हापूर

मासे चालायचे, हे वाचून कोकणातल्या वाचकांना हेवा वाटेल. ईस्टरआधीचे ४० दिवस, शुक्रवार आणि इतर बरेच ठरलेले दिवस मांस वर्ज्य, कडक उपवासात अंडी, दूध, लोणीही वर्ज्य. मग खारवलेला हेरिंग, सुकवलेला कॉड, गोड्या पाण्यातला पाइक मासा आणि श्रीमंतांघरी बदामाचं दूध. बिर्गिट्टाच्या वडिलांच्या अंत्यविधीच्या भोजनाची यादी (१३२८) टिकून आहे. तीत केशर, आलं, दालचिनी, बदाम आणि तांदूळ आहेत. आलं आणि दालचिनी तिथवर पोचायला आपल्या समुद्रातून लाल समुद्र, अलेक्झांड्रिया, व्हेनिस, ब्रूज आणि ल्यूबेक अशी मजल करत. त्या टोकाला ते कुलपात ठेवलं जायचं यात नवल नाही.

बदामाच्या दुधातला भात घरी करून बघता येतो. १०० ग्रॅम बदाम उकळत्या पाण्यात दोन मिनिटं टाका, सालं काढा. खलात कुटताना चमचा-चमचा पाणी घालत राहा. कोरडे कुटले तर तेल सुटतं आणि दुधावर तवंग येतो. एकूण ४०० मिली गरम पाणी घालून अर्धा तास ठेवा, पातळ फडक्यातून पिळा. त्यात ५० ग्रॅम अर्धा तास भिजवलेला आखूड दाण्याचा तांदूळ, चिमूटभर मीठ, चारसहा केशराच्या काड्या. अगदी मंद आचेवर २५–३० मिनिटं, हलवत. मोठ्या आचेवर हे दूध तळाला धरतं आणि फाटल्यासारखं दिसतं. गोडीला मध, तोही आच बंद केल्यावर. साखर तेव्हा मसाल्यांच्या भावात होती. आपल्या एकादशीला मात्र हा भात चालणार नाही.

प्रश्न : आमच्या एकांकिकेत १४००च्या सुमाराची स्वीडिश उमराव स्त्री आहे. भाड्याच्या दुकानात मिळणारा सॅटिनचा घोळदार झगा चालेल का? — एक नाट्यसंस्था, ठाणे

नाही. तो झगा ४०० वर्षं पुढचा आहे. मागे दोरीची जाळी, आत ताठ कॉर्सेट, फुगीर बाह्या, यांतलं काहीच तेव्हा नव्हतं. तुम्हाला तीन थर हवेत : आत लिननचा लांब सदरा, त्यावर अंगाबरोबरचा लोकरी झगा आणि डोक्यावर रुमाल.

उंची १५५–१६० सेंमी धरून मापं देतो. पन्हा १५० सेंमी.

सदऱ्याला पांढरं लिनन अडीच ते तीन मीटर, कापण्याआधी गरम पाण्यात धुऊन. लिनन आटतं, आणि शिवल्यावर आटलं तर बगलेत फाटतं. पुढचा-मागचा भाग सरळ आयत, प्रत्येकी छातीच्या निम्म्या मापात ४–५ सेंमी भर घालून. दोन्ही बाजूंना कमरेपासून खाली कळ्या, बगलेत १२ × १२ सेंमीचा चौबगला. शिंप्याला ‘जुन्या कुडत्यासारखं’ म्हटलं की समजतं.

झग्याला साडेतीन ते चार मीटर. खरी लोकर ठाण्याच्या मे महिन्यात नटीला चक्कर आणेल. जाडसर, न चमकणारं सुती फ्लॅनेल प्रकाशात लोकरीसारखंच दिसतं. रंग मंजिष्ठाचा विटकरी लाल, निळा किंवा हिरवा. जांभळा-गुलाबी नको, जरी तर नकोच. चार उभे पट्टे अंगावर बसवून घ्यायचे, पुढे, मागे आणि दोन्ही कुशींना कळ्या लावायच्या. कळीचं टोक कमरेच्या थोडं खाली ठेवलं तर नितंबांवर झगा ताणत नाही. बसवताना नटीने आतला सदरा घातलेला असलाच पाहिजे, नाहीतर शेवटच्या तालमीला झगा घट्ट होतो. तक्रारी याच एका चुकीच्या असतात.

पुढे गळ्यापासून बेंबीपर्यंत दोरी. दोन्ही कडांना आतून लिननची दोन बोटं रुंद पट्टी लावा, मग छिद्रं. छिद्रं टोच्याने पाडायची, कात्रीने नव्हे, कारण टोच्या धागे बाजूला सारतो आणि कात्री ते तोडते. तुटलेल्या धाग्यांचं छिद्र तिसऱ्या प्रयोगाला फाटतं. भोवती हाताने दाट टाके. पितळी डोळे लावू नका. दोन छिद्रांतलं अंतर २ सेंमी, आणि उजव्या-डाव्या बाजूची छिद्रं समोरासमोर न ठेवता अर्ध्या अंतराने खालीवर. कारण दोरी एकच, एका टोकाने मळसूत्रासारखी वर चढते. बुटाच्या नाड्यांसारखी फुली पडली की काळ चुकला.

बाही कोपरापासून मनगटापर्यंत घट्ट, त्याच कापडाची १०–१२ बारीक बटणं, बाहीची शिवण दंडाच्या मागच्या बाजूला. ती बगलेखाली आली तर हात वर होत नाही आणि नटी सबंध प्रवेश लाकडासारखी उभी राहते.

झगा शिवून झाला की लगेच खालची दुमड घालू नका. दोन रात्री टांगून ठेवा. कळ्यांचं तिरकं कापड खाली लोंबतं, मग घेर सारखा कापून दुमडा.

विवाहितेचे केस मोकळे नाहीत. दोन वेण्या डोक्याभोवती, त्यावर दोन बोटांची लिननची पट्टी घट्ट बांधायची आणि रुमाल त्या पट्टीला टाचण्यांनी टोचायचा. केसांना टोचलेला रुमाल पहिल्याच प्रवेशात घसरतो. कमरेला अरुंद पट्टा, त्याचं टोक गुडघ्यापर्यंत लोंबणारं, त्याला चार-पाच मोठ्या किल्ल्या. बाहेरच्या प्रवेशासाठी अर्धवर्तुळाकार झूल, आत फर. तेव्हा हिवाळी खारींचं फर वापरत, पाठ करडी, पोट पांढरं. करड्या-पांढऱ्या फ्लॅनेलचे आळीपाळीचे तुकडे दहाव्या रांगेतून तसेच दिसतात.

प्रश्न : लग्न नको असेल तर मठ, हा मार्ग खरंच मोकळा होता का? — एक वाचक, बेळगाव

अर्धवट. बापाच्या संमतीशिवाय लग्न केलेल्या मुलीचा वारसा जाऊ शकत होता, तसंच मठात जातानाही घराण्याचा पाठिंबा लागे, कारण मुलगी मोकळ्या हातांनी जात नसे. वाडस्तेनाच्या मठाची रचना बिर्गिट्टाने आकड्यांत बांधली होती : ६० साध्वी, १३ पुरोहित, ४ सहायक, ८ सेवक बंधू, एकूण ८५. साध्वीला किमान वय १८. म्हणजे जागा रिकामी व्हायची वाट बघायला लागे. पोशाखातली ओळख म्हणजे डोक्यावरचा पांढऱ्या लिननचा मुकुट आणि त्यावर ख्रिस्ताच्या पाच जखमांचे पाच लाल ठिपके. जमिनींच्या देणग्यांमुळे हा मठ देशातल्या सर्वांत मोठ्या जमीनदारांपैकी एक झाला. सत्ता हवी असलेल्या बाईला तिथलं मठाधिपतीपद कुठल्याही किल्ल्यापेक्षा कमी नव्हतं.

प्रश्न : त्या लिहा-वाचायला शिकलेल्या होत्या का? — एक वाचक, मडगाव

वाचायला बऱ्याच जणी, लिहायला कमी. पत्रं लेखनिकाला सांगून लिहवत, खरेपणा ठरे तो शिक्क्याने. बाईचा स्वतःचा शिक्का असे, बहुधा बापाच्या चिन्हाचा. नसेल तर दस्तातच लिहीत, ‘माझा शिक्का नाही म्हणून अमुक पाद्रीमहाशयांना त्यांचा लावण्याची विनंती करते’. १५व्या शतकातल्या मार्ता उल्फ्सडॉटर आणि तिची मुलगी एलिन गुस्ताव्सडॉटर या मायलेकींच्या मालकीची मनोरंजक काव्यांची हस्तलिखितं आजही त्यांच्याच नावांनी ओळखली जातात. इंगेबोर्ग तोत्त या स्वीडनच्या कारभारप्रमुख थोरल्या स्टेन स्टुरेच्या बायकोने तर मारिएफ्रेदच्या मठात १४९८ साली जपमाळेवरचा एक ग्रंथ छापवून घेतला.

प्रश्न : विधवेचे हाल होत असतील ना? — एक वाचक, सोलापूर

गरिबाघरी होत. उमराव घराण्यात मात्र बाई पहिल्यांदा कायद्याने स्वतंत्र व्हायची ती वैधव्यात. कुमारिकेचा पालक बाप, विवाहितेचा नवरा, विधवेचा कुणी नाही. ती जमीन विकते, दस्त करते, पुढचं लग्न स्वतः ठरवते. नवऱ्याकडे राजाचा किल्ला असेल तर तोही काही काळ तिच्या ताब्यात राहू शके.

याचं टोकाचं उदाहरण क्रिस्टिना निल्सडॉटर युलेनशेर्ना (१४९४–१५५९). नवरा धाकटा स्टेन स्टुरे हा स्वीडनचा कारभारप्रमुख. जानेवारी १५२०मध्ये बूगेसुंदला गोठलेल्या तळ्यावरच्या लढाईत डेन्मार्कच्या राजाच्या तोफगोळ्याने तो जखमी झाला आणि ३ फेब्रुवारीला स्टॉकहोमकडे जाताना मेलारेन सरोवराच्या बर्फावर, घसरगाडीत वारला. पंचविशीतली क्रिस्टिना स्टॉकहोम धरून बसली. दक्षिणेला काल्मारचा किल्ला आना बिएल्के या दुसऱ्या विधवेने धरला होता. सप्टेंबरात, झाल्यागेल्याची माफी लिहून घेऊन क्रिस्टिनाने शहर दिलं.

४ नोव्हेंबरला डेन्मार्कचा तो राजा, ख्रिश्चन दुसरा, याचा स्वीडनचा राजा म्हणून राज्याभिषेक झाला आणि तीन दिवसांत दरवाजे बंद करून खटला उभा राहिला : स्टेनच्या कारकिर्दीत आर्चबिशप गुस्ताव त्रोले यांना पदच्युत केलं, तो पाखंड. पाखंडाला राजाची माफी लागू पडत नाही, ही त्यातली मेख. क्रिस्टिनाने १५१७चा ठराव पुढे केला, की हा निर्णय एकट्या स्टेनचा नव्हता, सगळ्यांनी शिक्के लावून घेतलेला होता. कायद्याच्या दृष्टीने बचाव बिनतोड. पण त्याच कागदाने राजाला नावांची यादी मिळाली. ८ आणि ९ नोव्हेंबरला चौकात ८०हून जास्त जणांची डोकी उडवली गेली, स्टेनचं प्रेत उकरून जाळलं. क्रिस्टिनाला कोपनहेगनच्या तुरुंगात नेलं. ती १५२४ साली परतली, १५२७ साली त्रे रूसोर घराण्यातल्या योहान तुरेसनशी लग्न केलं.

तो ठराव पुढे करणं चूक होतं असं बरेच जण लिहितात. आमच्या मते तिच्यापुढे दुसरा मार्ग नव्हता. आयुष्यभर जिने शिक्क्यांच्या कागदावर मालमत्ता राखली, ती संकटातही शिक्क्यांचा कागदच काढणार.

प्रश्न : आम्ही स्टॉकहोमला राहतो. यातलं काय बघता येईल? — एक कुटुंब

एका दिवसात उपसाला : कॅथेड्रलमध्ये बिर्गिट्टाच्या आईवडिलांची कोरीव थडगेशिळा आणि तिथल्याच खजिन्यात राणी मार्गारेताचा म्हणून ओळखला जाणारा सोनेरी जरीचा झगा. वर ‘जरी नको’ म्हटलं तो नियम राण्यांना नाही. जवळच वीक हा १५व्या शतकातला उंच दगडी वाडा. असे वाडे उशिराचे, कारण १३९६ साली राणी मार्गारेताने खासगी तटबंदीला मनाई केली होती आणि ती १४८३पर्यंत उठली नाही. बहुतेक उमराव तोवर लाकडी घरांतच राहत.

वाडस्तेनाला वेगळा दिवस काढा. थेट रेल्वे नाही, मोतालापर्यंत किंवा म्योल्बीपर्यंत गाडी आणि पुढे बस. चर्चमध्ये बिर्गिट्टाच्या अस्थींची लाल मखमलीची पेटी आहे. शेजारच्या संग्रहालयाची इमारत आधी राजवाडा होती, मग साध्वींचं निवासस्थान झाली.